ताईची ट्रंक

गेल्या वैशाखांत आमच्या वाईच्या घराचीं कौलें उतरवून छपराची दुरुस्ती केली, त्या निमित्तानें माळ्यावरचें सामान कित्येक वर्षांनीं खालीं आलें. मोडका पाळणा, वडिलांनीं जपून ठेवलेले पंचांगांचे गठ्ठे, बूड गेलेलें एक पितळी घंगाळ, आणि या सर्वांच्या मागें दडलेली पत्र्याची एक हिरवी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगानें आमच्या ताईचें माहेरचें नांव घातलेलें होतें. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आतां बाहत्तरावें वर्ष चालू आहे. सुट्टीनिमित्त ती नातीला घेऊन माहेरीं आली होती, हा योगायोगच. कुलपाची किल्ली अर्थातच सांपडली नाहीं. गवंड्याकडून कुलूप तोडून घेतलें, झांकण उघडलें, आणि घरांतील तिघी वडीलधाऱ्या बायका, म्हणजे ताई, आमच्या सौभाग्यवती व धाकट्या बंधूंच्या पत्नी, ट्रंकेभोंवतीं अशा कांहीं बसल्या कीं, त्या दिवशीं दुपारचीं पानें अडीच वाजतां मांडलीं गेलीं.

ट्रंकेंत द्रव्य कांहींच नव्हतें. ‘चांदोबा’चे बांधून ठेवलेले चार-पांच खंड, चित्रपटगृहाच्या दारांत विकत मिळत असत त्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका, भोंडल्याच्या गाण्यांचे कांहीं सुटे कागद, फडक्याच्या पुरचुंडींत पांच सागरगोटे, आणि मुखपृष्ठ व आरंभींचीं पानें गेलेलें एक जाड पुस्तक. तें हातीं लागतांच तिघींच्याही तोंडून एकच शब्द निघाला, “चौघीजणी!” वास्तविक तिघी तीन गांवीं वाढलेल्या. ताई वाईची, सौभाग्यवती मिरजेच्या, भावजय नाशिककडची. एकमेकींचें लहानपण एकमेकींनीं पाहिलेलें नाहीं. परंतु त्या पुस्तकापुरतें तें एकच निघालें. मला मोठें नवल वाटलें; आणि खरें सांगावयाचें तर किंचित् एकटेंही वाटलें. कारण मीं तें पुस्तक वाचलेलें नव्हतें.

छत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. ‘मुलांनो, वाचा’ म्हणून कंठशोष केला. परंतु घरांतच असलेलें हें पुस्तक कधीं हातीं धरलें नाहीं, कारण तें मुलींचें, असें मीं लहानपणींच ठरवून टाकलें होतें. मुलींनीं मुलांचीं पुस्तकें वाचण्यास आमच्या घरीं हरकत नव्हती. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ ताईनें माझ्या आधीं वाचला होता. उलट बाजूनें मात्र रस्ता बंद. हा नियम कोणीं घातला हें कोणासच सांगतां आलें नसतें, पण तो पाळला जाई खरा.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या ओटीवर दुपारीं वाचनाची बैठक भरूं लागली. भवभूतीनें उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत चित्रदर्शनाचा प्रसंग घातला आहे. रामसीतेच्याच पूर्वायुष्याचीं चित्रें काढलेलीं असतात व लक्ष्मण तीं दोघांस दाखवीत जातो. चित्रांतील शूर्पणखा पाहून सीता पुन्हां दचकते, आणि हें नुसतें चित्र आहे अशी तिची समजूत घालावी लागते. मीं हा अंक अनेकदां वाचला आहे. तरी त्यांतली गोम मला या बैठकींत उमगली. चित्र जागचें हलत नाहीं. पाहणारें माणूस मात्र मध्यंतरीं पुष्कळ चालून आलेलें असतें.

‘चांदोबा’चेंच घ्या. मद्रासेहून निघणारें हें मासिक जुलै १९४७ मध्यें तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालें आणि १९५२ सालीं मराठींत आलें. खांद्यावर प्रेत आणि हातांत तलवार घेऊन निघालेला विक्रम राजा, हें शंकर नांवाच्या चित्रकाराचें चित्र ज्यानें पाहिलें नाहीं असा आमच्या वयाचा माणूस विरळा. मूळच्या वेतालपंचविंशतींत कथा पंचवीसच. परंतु ‘चांदोबा’तला वेताळ पंचवीस संपल्या तरी खांद्यावरून उतरेना, वर्षानुवर्षें तो नवनवे प्रश्न घालीतच राहिला. लहानपणीं आम्ही उत्तराची वाट पाहत असूं. या वेळीं आमच्या सौभाग्यवतींनीं चष्मा सांवरीत निराळाच प्रश्न काढला. त्या म्हणाल्या, “प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं अर्धें राज्य आणि राजकन्या. राज्य तरी अर्धेंच देत, राजकन्या मात्र अख्खी देऊन मोकळे! आणि तिला विचारलें कोणीं?” वेताळाच्या कोणत्याही प्रश्नापेक्षां हा कठीण आहे. मी गप्प बसलों. वेताळाच्या नियमाप्रमाणें डोक्याचीं शकलें व्हावयास हवीं होतीं, तीं झालीं नाहींत एवढेंच.

भोंडल्याच्या कागदांनीं तर गंमतच केली. आश्विनांत पाटावर हत्तीचें चित्र मांडून मुली फेर धरीत. गाणीं सरलीं कीं खिरापत ओळखावयाची, आणि सारें लक्ष त्या डब्याकडे. त्या गाण्यांत एक सून माहेरीं जाऊं का म्हणून विचारते, आणि सासूबाई तिला आधीं कारल्याचें बीं पेरावयास सांगतात. मग त्याला कोंब येऊं दे, मग वेल चढूं दे, मग फूल, मग कारलें, मग भाजी. असें करीत बिचारीचें माहेर लांबत जातें. ताईनें कागद खालीं ठेवला. “आठ वर्षांची होतें मी. हें सगळें हसत म्हणत होतें! पोरीबाळींच्या तोंडीं काय घातलें होतें लोकांनीं!” त्यावर भावजय म्हणाली, “घातलें तें बरेंच केलें वन्सं. पुढें कारलें आलें तेव्हां ओळखीचें तरी वाटलें.”

रेडिओची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण तिच्यांतून पुढची निघावयाची आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असतांना १९५२ सालीं सरकारी केंद्रांवरून चित्रपटगीतें हद्दपार झालीं. तीं त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनच्या केंद्रावरून ‘बिनाका गीतमाला’ होऊन परत आलीं. पुढें १९५७ च्या ऑक्टोबरांत सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली, पण बुधवारीं रात्रीं आठ वाजतां लोक सिलोनच लावीत. आमच्या घरीं रेडिओ नव्हता, शेजारीं होता. ताई व तिच्या दोन मैत्रिणी पेन्सिली परजून त्यांच्या ओसरीवर बसत. गाणें वेगानें जाई म्हणून त्यांनीं ओळी वांटून घेतलेल्या असत: पहिली एकीनें टिपावयाची, दुसरी दुसरीनें, तिसरी तिसरीनें. रात्रीं तिन्ही कागद जुळवून ताई सारें गाणें आपल्या वहींत शाईनें उतरून काढी. अमीन सायानी २०२४ सालीं वारले. तीं जुनीं गाणीं नातीनें आतां हातांतल्या फोनवर एका क्षणांत लावून दिलीं. ताईनें दोन ऐकलीं आणि म्हणाली, “पुरे. बुधवार नाहीं तर त्यांत काय आहे?”

ती वही ट्रंकेंत नव्हती. तिचें काय झालें तें मला ठाऊक होतें.

पण आधीं ‘चौघीजणी’. मुलींनीं काय वाचावें हा प्रश्न आमच्या घरीं तीन पिढ्या चालत आलेला आहे. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हां हरिभाऊ आपट्यांचें ‘पण लक्षांत कोण घेतो’ तिनें धान्याच्या कोठींत लपवून वाचलें होतें, असें ती सांगे. १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ती यमूची कहाणी प्रथम आली आणि वाचणाऱ्या प्रत्येक घरांत एक एक यमू होतीच. आत्याच्या काळीं ‘स्त्री’ मासिक आलें, तें १९३० सालीं. तिनें तें उघड वाचलें. परंतु विभावरी शिरूरकरांचें ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ सालीं निघालें, तें मात्र तिला वर्तमानपत्राचें वेष्टण घालून वाचावें लागलें. हीं पुस्तकें थोर, यांत संशय नाहीं. पण त्यांतून मुलीला आपल्यापुढें काय वाढून ठेवलें आहे हें कळे. आपण काय व्हावें हें कळत नसे. ‘चौघीजणी’तल्या ज्योची बोटें शाईनें माखलेलीं असतात, ती माडीवर एकटी बसून सफरचंदें खात खात लिहिते, आणि लिहितांना तिच्या वाटेस जावयाचें नाहीं हें सारें घर जाणतें. ताई म्हणाली, “असें घर जगांत कोठेंतरी आहे, हेंच मला नवें होतें.”

या पुस्तकाची मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत कॉन्कॉर्ड म्हणून गांव आहे, तेथें तिचें घर. जन्म १८३२ सालचा, मृत्यु १८८८. वडील तत्त्वज्ञ होते, म्हणजे घरांत विचार पुष्कळ आणि धान्य थोडें. १८४३ सालीं त्यांनीं मित्रांसह आश्रमासारखें एक ठिकाण काढलें, तें वर्ष पुरें होण्याच्या आंतच मोडलें. घर चालावें म्हणून लुइझानें शिवण केलें, मुलें शिकविलीं, परक्याच्या घरीं काम केलें, यादवी युद्धांत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि तेथून विषमज्वर घेऊन परत आली. टोपण नांवानें भडक कथा लिहूनही तिनें पैसा मिळविला. त्या तिच्याच, हें बाहेर पडलें १९४३ सालीं. मुलींसाठीं गोष्ट लिही, हा आग्रह प्रकाशकाचा होता. तिला स्वतःला त्यांत गोडी नव्हती. तरी १८६८ च्या उन्हाळ्यांत थोड्या आठवड्यांत तिनें पहिला भाग हातावेगळा केला. चौघी बहिणींपैकीं ज्यो ती स्वतःच. मेग, बेथ आणि एमी या तिच्या सख्ख्या बहिणींवरून घेतलेल्या, आणि त्यांतली बेथ खरोखरच १८५८ सालीं गेली होती.

शांताबाई शेळके यांनीं हें सारें मराठींत आणलें. शांताबाई हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. पुढें १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. कवयित्री म्हणून त्यांची थोरवी मी कोण सांगणार? परंतु जन्मभर भाषांतराचे धडे तपासलेला माणूस म्हणून एवढें म्हणतों कीं, नांवें परकीं, बर्फ परका, पियानो परका, आणि तरी चौघी बहिणी बोलूं लागल्या कीं आपल्याच माजघरांत बसल्या आहेत असें वाटावें, हें काम येरागबाळ्याचें नव्हे. वाईच्या मुलीनें कधीं न पाहिलेल्या बर्फांत पाय घातला तो त्यांचें बोट धरून.

बैठकींत पहिल्याच दिवशीं असें आढळून आलें कीं, तिघीही लहानपणीं आपणांस ज्योच समजत असत. मेग कोणीच नव्हती. बेथ होण्याची सौभाग्यवतींची थोडी तयारी होती, पण ती मरते म्हणून त्यांनीं तो विचार सोडला. आणि एमी? एमीचें नांव काढतांच तिघींनींही नाक मुरडलें. मीं विचारलें, “मग घरोघर एमी होतें तरी कोण?” याचें उत्तर मला चार दिवसांनीं मिळावयाचें होतें.

नातीनें २०१९ सालचा ग्रेटा गर्विग हिनें केलेला चित्रपट पाहिलेला आहे. तिनें वाद काढला तो ज्योच्या लग्नाचा. हा वाद पुस्तकाइतकाच जुना आहे. पहिला भाग निघतांच वाचक मुलींचीं पत्रें आलीं, ज्योचें लग्न शेजारच्या लॉरीशीं करा म्हणून. लेखिका आजन्म अविवाहित राहिली आणि ज्योनेंही तसेंच राहावें असें तिच्या मनांत होतें. तें कोणास पटेना. तेव्हां १८६९ च्या दुसऱ्या भागांत तिनें एक गरीब, चाळिशीकडे झुकलेला जर्मन प्राध्यापक आणला आणि हट्टानें ज्योचें लग्न त्याच्याशीं लावलें. नव्या चित्रपटांत ही खरी हकीकत गोष्टींत गुंफली आहे: नायिकेचें लग्न लावलें नाहीं तर पुस्तक खपणार नाहीं असें प्रकाशक म्हणतो, आणि ज्यो त्याच्याशीं मोबदल्याची घासाघीस करते. नातीला तें फार आवडलें. भावजय लॉरीच्याच बाजूची. पन्नास वर्षांनींही तिचें मत तसूभर ढळलेलें नाहीं. ताई म्हणाली, “मीही तेव्हां लॉरीसाठीं रडलें होतें. आतां वाटतें, छत्री घेऊन भिजत उभा राहिलेला तो पंतोजीच बरा. निदान तिचें लिहिलेलें तो वाचतो तरी.” मी स्वतः पंतोजी असल्यामुळें माझें मत येथें नोंदवीत नाहीं.

असें एकेकीचें निराळें निघत गेलें. बेथच्या मरणाशीं पूर्वी सगळ्याच रडत, आतां कोणीच रडलें नाहीं. या वयांत प्रत्येकीनें आपली एक बेथ पोंचविलेली आहे. उलट मेगचा मुरंबा जमत नाहीं आणि नेमका त्याच दिवशीं नवरा पाहुणा घेऊन घरीं येतो, हा प्रसंग सौभाग्यवतींनीं दोनदां वाचून दाखविला, आणि दोन्ही वेळां माझ्याकडे पाहून. पहिल्या संक्रांतीचा पाक, आणि न सांगतां जेवावयास आणलेले दोन शिक्षक! मीं तें विसरून गेलों होतों. त्या विसरल्या नव्हत्या.

ताई मात्र फारशी बोलेना. पुस्तक तिच्याकडे दोन दिवस राहिलें. मग एका संध्याकाळीं तें माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “इतक्या जगाला वाचायला सांगितलेंस, आतां तूं वाच.” एका ठिकाणीं खुणेसाठीं केंसांतला आंकडा घातलेला होता.

मीं आरंभापासून, म्हणजे जेथपासून पानें होतीं तेथपासून, वाचावयास घेतलें. आठव्या प्रकरणांत मी थांबलों. मेग आणि ज्यो लॉरीबरोबर नाटकास निघतात. धाकटी एमी हट्ट धरते. ज्यो तिला नेत नाहीं. याचा तुला पश्चात्ताप होईल, असें एमी बजावते. पुढें ज्योची गोष्टींची वही सांपडत नाहीं. कित्येक वर्षांचें लिहिणें, दुसरी प्रत नाहीं. एमीनें ती जाळलेली असते.

शाकुन्तलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें ऐकून दुष्यन्त व्याकुळ होतो आणि त्याचें कारण त्याचें त्यालाच कळत नाहीं. माझें तसें नव्हतें. मला कारण चांगलें ठाऊक होतें.

१९६९ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा, ताई सोळा. मैत्रिणींबरोबर ती चित्रपटास गेली आणि मला नेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे पाणी तापविण्याचा बंब पेटविण्याचें काम माझ्याकडे होतें. मीं तिची वही घेतली आणि बंबांत घातली. पुठ्ठा जाड असल्यामुळें ती लवकर पेटेना, म्हणून फुंकणीनें फुंकली. त्या वहींत गाणीं होतीं हें मला ठाऊक होतें. पाठीमागच्या पानांवर ताईच्या स्वतःच्या दोन गोष्टी होत्या, हें मला जळतांना दिसलें. तरी मीं ती बाहेर ओढली नाहीं. एमीनें निदान त्याच संध्याकाळीं कबूल केलें. मी छप्पन वर्षें गप्प राहिलों. वही सांपडेना तेव्हां रद्दीबरोबर गेली असेल असें आई म्हणाली, आणि मी मान डोलावली. पुढें शाळेंत खोटें बोलणाऱ्या मुलांना मीं अंगठे धरून उभें केलें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताई तुळशीपाशीं एकटी होती. मीं तिला सांगितलें. वाक्य मनांत जुळवून ठेवलें होतें, तें तसें आलें नाहीं.

ती म्हणाली, “अरे, मला त्याच दिवशीं कळलें होतें. तुझ्या भुवया करपल्या होत्या.”

“मग बोलली कां नाहींस?”

“आईनें बोलूं दिलें नाहीं. म्हणाली, ह्यांना कळलें तर पोराला फोडून काढतील. आणि म्हणाली, वहीच ती, दुसरी आणूं.” जरा थांबून ती म्हणाली, “आणलीही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मीं तिच्यांत वाणसामान लिहिलें.”

मीं म्हटलें कीं पुस्तकांतली खूण पाहूनच मी समजलों. त्यावर तिनें मला वेड्यांत काढलें. “नीट पाहा. आंकडा कोठें घातला आहे?”

मीं आंत जाऊन पाहिलें. आंकडा वही जाळल्याच्या पानांत नव्हताच. चार-पांच पानें पुढें होता. तोंवर एमी बर्फाच्या भेगेंतून पाण्यांत पडून थोडक्यांत वांचलेली असते. आपला राग आपल्याला आवरत नाहीं म्हणून ज्यो आईपाशीं रडते, आणि ती शांत, हसतमुख, सर्वांचें करणारी आई मुलीला सांगते कीं, मलाही रोज राग येतो; चाळीस वर्षें मी तो आवरावयास शिकतें आहें. एवढेंच.

ताई मागून येऊन उभी राहिली होती. म्हणाली, “लहानपणीं हें मीं वाचलेंच नव्हतें बघ. म्हणजे डोळ्यांखालून गेलें असेल. एमी बुडते कीं वांचते याच घाईंत मी. आतां वाचलें आणि वाटलें, आपल्या आईला राग येत नसेल? नऊ माणसांचें करून, बाबांचा स्वभाव तसा असून? तिनें एकदां मला असें जवळ घेऊन म्हटलें असतें ना, कीं मलाही आला आहे राग, तुझ्या वहीसाठीं; तर वही गेल्याचें मला कांहीं वाटलें नसतें. ती म्हणाली, वहीच ती.”

आमची आई जाऊन आतां एकवीस वर्षें झालीं. तिला रागावलेली मीं कधीं पाहिली नाहीं, आणि ही तिची मोठी थोरवी म्हणून मीं चारचौघांत कितीदां तरी सांगितली आहे.

“तूं पुन्हां लिहिलें नाहींस,” मी म्हणालों.

“ज्योनें लिहिलें. मीं नाहीं लिहिलें. तें तुझ्या माथीं कशाला मारूं?” असें म्हणून ती देवाचीं फुलें घेऊन आंत गेली. तिच्या आवाजांत राग नव्हता, असें मी प्रथम येथें लिहिलें होतें. नंतर तें वाक्य खोडलें. मला ओळखतां येतो कीं नाहीं, याची आतां खात्री उरलेली नाहीं.

नव्या आवृत्तीची प्रत आणावी म्हणून मी तयारी केली, ती ताईनें मोडून काढली. तिला हीच हवी होती. निवृत्तीनंतर मी पुस्तकें बांधण्याचें काम हौसेनें करतों. खळ शिजविली, दोरा ओंवला, सुटलेल्या जुड्या पुन्हां शिवल्या, पाठीला कापडाची पट्टी लावली. आरंभींचीं पानें मात्र कोठेंच सांपडलीं नाहींत. तेव्हां ताई म्हणाली, “कागद घे. मी सांगतें.” नाताळच्या आदल्या संध्याकाळीं शेकोटीपाशीं बसलेल्या चौघी बहिणी, यंदा भेटवस्तू नाहींत म्हणून चाललेली त्यांची कुरकुर, युद्धावर गेलेले वडील, ती डोळे मिटून सांगत गेली आणि मी वळणदार अक्षरांत उतरून घेत गेलों. नात बाजूला बसून फोनवर मूळ इंग्रजी पाहत होती. दोन पानें बिनचूक झालीं. तिसऱ्या पानावर नात म्हणाली, “आजी, हें ह्यांत नाहीं.”

ताईनें डोळे उघडले. “नाहीं का? मग मीच घातलें असेल,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “थांबलास कां? लिही.”